मोटारीची बॅटरी आणि हातांतला दिवा

गेल्या पौषांत आमच्या घरीं जो प्रसंग घडला, तो या पानावर मांडण्याचा आमचा मुळींच विचार नव्हता. परंतु ‘मास्तर, दुसऱ्यांच्या चुका सांगतांना तुझी लेखणी फार सुरेख चालते,’ असें आमचे थोरले बंधू चार माणसांदेखत म्हणाले. तेव्हां या महिन्यांत स्वतःचीच चूक सांगणें आम्हांस प्राप्त झालें. चूक गणिताची आहे. उभा जन्म शाळेंत रामशब्द चालवून घेण्यांत गेला असला, तरी गणिताचे शिक्षक रजेवर गेले म्हणजे त्रैराशिकही आम्हीच शिकवीत असूं. तें त्रैराशिक एके रात्रीं आमच्याच घरावर उलटलें.

नरखेड तालुका म्हणजे संत्र्यांचा मुलूख. आंबिया बहार धरणारा बागाईतदार मार्गशीर्ष-पौषांत झाडांना ताण देतो, आणि ताण तोडला कीं ओलितास आरंभ होतो. विहिरीवरचा पंप तीन फेजच्या विजेवर चालावयाचा, आणि ती वीज शेतीच्या फीडरवर पाळीनें यावयाची. एका आठवड्यांत दिवसा, तर दुसऱ्यांत रात्रीं. 2017 सालीं निघालेल्या मुख्यमंत्री सौर कृषि वाहिनी योजनेमुळें कित्येक फीडरांवर आतां दिवसाच वीज मिळूं लागली आहे. ज्यांच्या वांट्यास तें भाग्य अद्याप आलें नाहीं, त्यांस कानास मफलर गुंडाळून मध्यरात्रीं बागेंत जावें लागतें. साप, रानडुकरें आणि बिनकठड्याची विहीर या तिहींमध्यें त्यांस सोबत काय ती हातांतल्या दिव्याची.

फवारणीचा पाठीवरचा पंप आमच्या बागाईतदार वाचकांस ठाऊक आहे. इतरांसाठीं थोडक्यांत सांगतों. सोळा-अठरा लिटरांची प्लॅस्टिकची टाकी, तिच्या तळाशीं मुठीएवढी मोटार, आणि त्या मोटारीस चालविणारी एक बारा व्होल्टांची शिशाची बॅटरी. फवारणी कांहीं रोज होत नाहीं. बॅटरी मात्र बारमाही घरांत पडून असते. तेव्हां तिच्यावर रात्रीचा दिवा कां लावूं नये, ही कल्पना आमच्या पुतण्याची. त्यानें पंपाच्या तारांना फांटा फोडून नऊ वॉटांचा बारा व्होल्टी एलईडी दिवा जोडला, आणि मोबाइल भरण्याची एक खोबणीही बसविली. युक्ति चांगली होती. आजही आम्ही तीस चांगलीच म्हणतों.

त्या दिवशीं दुपारीं तासभर फवारणी झाली होती. संध्याकाळीं पुतण्यानें विचारलें, ‘काका, रात्रीला पुरेल का?’ आम्हीं वर्तमानपत्राच्या कडेस हिशेब मांडला. बॅटरीवर छापलें आहे 8 अँपिअर-तास. मोटार घेते सुमारें 3 अँपिअर. तासाभरांत 3 गेले, उरले 5. दिवा 9 वॉटांचा. नवास बारांनीं भागितलें कीं पाऊण अँपिअर. पांचांस पाऊणनें भागितलें, साडेसहा तासांहून अधिक निघाले. वीज येणार अकराला, काम संपणार अडीच-तीनला. ‘खुशाल जा,’ आम्हीं म्हटलें.

इतक्यांत सूनबाईंनीं शंका काढली. ‘ह्यांच्या मोबाइलवर पांच हजार लिहिलंय. म्हणजे पांच अँपिअर-तासच ना? मग उरलेलं सगळं मोबाइलच पिऊन टाकील.’ आम्हांस तें पटलें. मोबाइल जोडूं नको, असेंही वर आम्हींच सांगितलें. वाचकांनीं या दोन आज्ञा ध्यानांत ठेवाव्यात.

थोरले बंधू बहात्तर वर्षांचे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली, तरी ओलिताच्या रात्रीं घरीं राहतील तर शपथ. साडेदहाच्या सुमारास दिवा लावून काका-पुतण्ये नव्हे, बाप-लेक बागेंत गेले. दिवा विहिरीजवळच्या निंबाच्या फांदीस टांगला. मुलगा मोबाइलच्या उजेडांत ठिबकाचे वॉल फिरवीत दूरच्या धुऱ्यापर्यंत गेला; साडेबाराला मोबाइल संपला, तेव्हां निंबावरच्या दिव्याकडे पाहत परत आला. एक वाजून गेल्यावर वीज गेली. पंप थांबला आणि स्टार्टरच्या पेटीवरचा बल्बही मालवला. काय झालें तें पाहण्यास बंधू विहिरीच्या कांठाकडे चालूं लागले, आणि ते कांठाशीं पोंचतात न पोंचतात तों निंबावरचा दिवा गेला.

जुना तारेचा बल्ब असता तर तो आधीं पिंवळा, मग तांबडा झाला असता. माणसास सूचना मिळाली असती. हा नवा दिवा बॅटरीचा जोर उतरला तरी शेवटपर्यंत सारखाच उजळतो आणि मग एकदम डोळा मिटतो. अमावास्या जवळ आलेली, चंद्र नाहीं. मुलगा वीस पावलांवर होता, पण त्यासही हात दिसेना. बंधूंनीं मात्र शहाणपणा केला. जेथें होते तेथेंच मटकन बसले आणि दोन्ही तळवे जमिनीस टेकून हांक मारली. शेजारच्या बागेंत ओलितासाठीं आलेला एक गडी वीज कां गेली म्हणून बॅटरी घेऊन बाहेर आलाच होता. त्यानें लांबूनच ओरडून सांगितलें, ‘हालू नोका मालक, मी येऊन रायलो!’ तो पाव तासानें पोंचला. सकाळीं आम्ही पाहण्यास गेलों तों ओल्या मातींत बंधूंच्या पंजांचे ठसे उमटलेले होते. कांठ तेथून दीड हातावर होता.

त्या दिवशीं आम्हांस अन्न गोड लागलें नाहीं. दिवा साडेसहा तास चालावयाचा, तो दोन तास चाळीस मिनिटांत कां गेला? बंधूंची नात पॉलिटेक्निकमध्यें शिकते. तिच्याकडून मल्टिमीटर मागून घेतला. बॅटरी रात्रभर भरली, मग कांहीं तास स्वस्थ ठेवून मोजली, 12.6 व्होल्ट. हा आंकडा पाहून आम्ही निःशंक झालों असतों, पण नात म्हणाली, ‘आजोबा, भरलेला तांब्या आणि भरलेला हंडा दोन्ही भरलेलेच दिसतात.’ सकाळीं नऊ वाजतां तोच दिवा लावून आम्ही घड्याळ घेऊन बसलों. पावणेचार वाजतां दाब 11 वर आला आणि दिवा थांबविला. पावणेसात तासांस पाऊण अँपिअरांनीं गुणलें, तर जेमतेम 5 अँपिअर-तास. छापलेले 8 आणि पोटांतले 5! तीन हंगाम वापरलेली बॅटरी ती. शिशाच्या पत्र्यांचीही वयोमानाप्रमाणें झीज व्हावयाचीच. फवारणीनें 3 खाल्ले, उरले 2. दोनांस पाऊणनें भागितलें कीं बरोबर दोन तास चाळीस मिनिटें. त्रैराशिक खरें होतें, मूळ रक्कमच खोटी होती.

शिवाय छापलेला आंकडा नव्या बॅटरीसही सर्व प्रसंगीं लागू पडत नाहीं. तो बहुधा वीस तासांच्या मंद वापराचा असतो. आठ अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे 0.4 अँपिअर घेतल्यास वीस तास चालणारी. तीच मोटारीस लावून भराभर उपसली तर एकंदर माप कमी भरतें. विहिरीचेंही असेंच आहे. सावकाश उपसा केला तर झरे पुरवठा करितात, मोठ्या पंपानें उपसली तर पाणी तळास जातें आणि पंप हवा ओढूं लागतो. आणखी एक गोष्ट. शिशाची बॅटरी तळापर्यंत कोरडी करणें हें तिच्या आयुष्यावर घाला घालण्यासारखें आहे. पत्र्यांवर शिशाच्या क्षाराचे खडे धरतात, आणि ती तशीच पडून राहिली तर ते पुन्हा विरघळत नाहींत. स्वस्थ स्थितींत दाब 12.2 च्या आसपास आला म्हणजे निम्मा माल संपला असें समजावें, आणि नित्याच्या वापरांत तेथेंच हात आवरावा. या नियमानें आमच्या बॅटरींतून दिव्यासाठीं खरोखर मिळण्याजोगें किती? अडीच. तेंही फवारणी केली नसेल तर.

आतां मोबाइलची गोष्ट. सूनबाईंची शंका चुकीची होती, आणि ती मान्य करणारे आम्ही अधिक चुकलों. अँपिअर-तासांची तुलना दाब सारखा असेल तरच होते. मोबाइलच्या आंतली बॅटरी 3.7 व्होल्टांच्या आसपासची. 5 अँपिअर-तास गुणिले 3.7 म्हणजे साडेअठरा वॉट-तास. बारा व्होल्टांच्या भाषेंत ते दीडच अँपिअर-तास झाले. दाब उतरविणाऱ्या यंत्राची नासाडी धरून पावणेदोन-दोन म्हणा. पायलीनें मोजलेले तांदूळ आणि शेरानें मोजलेलें तूप यांची बेरीज करूं नये, हें आम्ही मुलांस सांगत आलों. मोबाइल अर्धा भरून घेऊं दिला असता, तर दिवा एक तास वीस मिनिटें आधीं, म्हणजे पावणेबाराच्या सुमारास, वीज असतांनाच गेला असता, आणि मुलाच्या खिशांत जिवंत मोबाइल असता. जेथें भ्यावयाचें तेथें आम्ही भ्यालों नाहीं, आणि जेथें भ्यावयाचें कारण नव्हतें तेथें सावधगिरीचा उपदेश केला.

एका बॅटरीवर मोटार आणि दिवा दोन्ही चालवावे कीं नाहीं, हा प्रश्न बागेंतला नव्हे, मुळांत पाण्यावरचा आहे. 1838 सालीं मोरिट्झ याकोबी या शास्त्रज्ञानें सेंट पीटर्सबर्ग येथें नेवा नदींत विद्युद्घटांवर चालणारी नाव डझनभर माणसांसह चालवून दाखविली. ते घट एकदां संपले कीं संपले. 1859 सालीं फ्रान्समध्यें गास्तों प्लांते यानें पुन्हा पुन्हा भरतां येणारी शिशाची बॅटरी सिद्ध केली, आणि 1881 सालीं पॅरिसच्या सेन नदींत ग्युस्ताव त्रूवे यानें नावेच्या मागें लावून काढून घेतां येईल अशी विजेची मोटार चालविली. अमेरिकेंत फार्गो गांवीं 1934 सालीं ओ. जी. श्मिट यांनीं गळ टाकणाऱ्या मासेमारांसाठीं लहान, संथ, आवाज न करणारी मोटार काढली. मिनेसोटा आणि डकोटा या दोन प्रांतांच्या सीमेवरचें गांव, म्हणून तिला मिन कोटा असें नांव पडलें. तशा मोटारीची बॅटरी नावेंत असतेच. मग तिच्यावरच मासे दाखविणारा पडदा, दिवा, दिशादर्शक यंत्र हीं सर्व लावण्याचा मोह माणसास होतो. मोह स्वाभाविक आहे. पण मोटार सुरू होतांना एकदम मोठा घोट घेते, दाब क्षणभर खालीं येतो, आणि नाजूक यंत्रें तेवढ्यांत बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. मोटारींतल्या ठिणग्यांमुळें रेडिओंत खरखर येते ती निराळीच. आमच्या पुतण्याचा दिवाही पंपाचा खटका दाबला कीं डोळा मिचकावीत असे; त्याचें कारण हेंच.

कोंकण किनाऱ्यावरच्या नौकांवर जीपीएस, मासळी शोधणारें यंत्र आणि व्हीएचएफ संच हे सर्व बॅटरीवरच चालतात. व्हीएचएफच्या सोळाव्या वाहिनीवर, म्हणजे 156.8 मेगाहर्ट्झवर, संकटांतला माणूस हांक मारतो. पंचवीस वॉटांचा असा संच नुसता ऐकत असतांना अर्ध्या अँपिअरांहूनही कमी घेतो. पण बोलण्यासाठीं खटका दाबला कीं एकदम पांच-सहा अँपिअर मागतो. म्हणजे उतरलेल्या बॅटरीवर साऱ्या जगाचें बोलणें ऐकूं येतें, आणि आपली हांक मात्र बाहेर जात नाहीं! हें वाचल्यावर आम्ही बराच वेळ पुढें वाचूं शकलों नाहीं. आमच्या तालुक्याच्या पश्चिमेस वर्धा नदी आहे. 30 जुलै 1991 रोजीं तिच्या पुरानें मोवाड गांव धुऊन नेलें. दोनशेहून अधिक माणसें गेलीं. त्या दिवसाची आठवण असलेलीं माणसें आमच्या आळींत अजून आहेत. नाव, दोर, कंदील या वस्तूंविषयीं तीं थट्टा करीत नाहींत.

म्हणून जाणते नाविक मोटारीची बॅटरी वेगळी आणि दिव्याची, संचाची वेगळी ठेवितात. दुसरी लहान असली तरी चालते. जेथें जागेच्या वा पैशाच्या अभावीं एकीवरच भागवावें लागतें, तेथें दिव्याच्या तारा मोटारीच्या तारांतून फोडूं नयेत. त्या थेट बॅटरीच्या टोकांपासून स्वतंत्र आणाव्यात, आणि धन टोकापासून वीतभर अंतरावर दोन-तीन अँपिअरांचा फ्यूज घालावा. फ्यूज दिव्यासाठीं नसतो, तारेसाठीं असतो. बारा व्होल्टांचा माणसास धक्का बसत नाहीं म्हणून लोक या बॅटऱ्यांस निरुपद्रवी समजतात. परंतु तारा एकमेकींस लागल्या तर हीच बॅटरी क्षणांत शेकडो अँपिअर ओतते आणि तार लालबुंद होते. पुतण्याच्या जोडणींत फ्यूज नव्हता. टाकी प्लॅस्टिकची, पाठीला बांधलेली. अधिक लिहवत नाहीं.

घरांत बसणाऱ्या वाचकांस वाटेल कीं, नाव आणि बाग या दोहोंशीं आपला काय संबंध? आमच्या चुलत घरचा प्रकार सांगतों. त्यांच्या इन्व्हर्टरला दोन बॅटऱ्या एकापुढें एक जोडलेल्या आहेत. बारा आणि बारा मिळून चोवीस व्होल्ट. वीज गेली कीं इंटरनेटची पेटी क्षणभर बंद पडते, म्हणून घरांतल्या कोणा हुशारानें ती पेटी दोहोंपैकीं एकाच बॅटरीच्या टोकांस परस्पर जोडली. पेटी बारा व्होल्टांची, बॅटरी बारा व्होल्टांची, जमलें! पेटी घेते अर्धा अँपिअर. पण ती अहोरात्र चालते. दिवसास बारा अँपिअर-तास एकाच बॅटरींतून जाऊं लागले. भरणारें यंत्र दोघींची बेरीज पाहतें. कोणती किती रिकामी आहे हें त्यास कळत नाहीं. परिणाम असा कीं, एक नित्य उपाशी राहिली, तिच्या पत्र्यांवर खडे धरले. आणि दुसरी भरलेली असतांनाही भरली गेली, तिचें पाणी उकळून आटलें. जुवाखालच्या दोन बैलांपैकीं एकासच रात्रीं आणखी घाण्यास जुंपावें, आणि वैरण मात्र दोघांस सारखी टाकावी, तसा हा प्रकार. आठ महिन्यांत जोडी निकामी झाली. एक नवी आणून जुनीशेजारीं बसवूं म्हणतात. तेंही करूं नये, जोडी सारख्या वयाचीच हवी. पेटी अखंड चालवावयाची तर चोवीसांचे बारा करणारें लहान यंत्र मिळतें, तें दोन्ही बॅटऱ्यांच्या टोंकाटोंकांस जोडावें, म्हणजे भार दोघींवर सारखा पडतो. त्याहून सोपें म्हणजे पेटीस स्वतःची चिमुकली बॅटरी द्यावी. ज्या खोलींत या बॅटऱ्या भरल्या जातात ती खिडकी उघडी असावी. भरतांना हायड्रोजन निघतो, आणि देवघरांतली समई त्याच कोनाड्याशेजारीं ठेवणारीं घरें आम्हीं पाहिलीं आहेत. स्त्रियांनीं बांगड्या आणि पुरुषांनीं अंगठी काढून मगच टोकांस हात लावावा.

लिथियमच्या बॅटऱ्यांविषयीं हल्लीं फार स्तुति ऐकूं येते, आणि ती बहुतांशीं योग्य आहे. लोह-फॉस्फेट जातीची बॅटरी वजनानें शिशाच्या निम्म्याहून हलकी, खोल वापर सोसणारी आणि दीर्घायुषी असते. मात्र तिचा दाब जवळजवळ शेवटपर्यंत सारखा राहतो आणि मग आंतलें रक्षक यंत्र एकाएकीं दार लावून घेतें. म्हणजे केवळ व्होल्ट पाहून किती उरलें हें सांगणें तिच्या बाबतींत कठीण. शिशाची बॅटरी कुरकुर करीत थकते. ही न सांगतां बसते. शिवाय तीस भरण्याचें यंत्र तिचेंच पाहिजे. शिशाचें लावूं नये.

आमच्या घरीं आतां पंपाची बॅटरी पंपासाठींच आहे. दिव्यासाठीं लोह-फॉस्फेटची सहा अँपिअर-तासांची निराळी घेतली. ती नवी असतांनाच नातीनें दिवा लावून, घड्याळ मांडून मोजली, आणि किती तास चालली तें तिच्या पाठीवर पांढऱ्या रंगानें लिहिलें. दर सहा महिन्यांनीं पुन्हा मोजून जुना आंकडा खोडावयाचा, असें ठरलें आहे. पुतण्या बागेंत जातांना मोबाइल भरून नेतो, आणि दोघांच्या खिशांत एकेक स्वतंत्र हातबॅटरी असते. विहिरीस फाल्गुनांत तीन फूट उंचीचा कठडा बांधला. त्याचा खर्च कोणी करावयाचा यावर घरांत दोन दिवस वाद झाला. शेवटीं तो आमच्या पेन्शनींतून झाला, आणि त्यावर कोणीं हरकत घेतली नाहीं. बंधू मात्र रात्रीं निघतांना आमच्या खोलीच्या दाराशीं मुद्दाम थांबतात आणि विचारतात, ‘मास्तर, आज किती तास?’